मागे बसणाऱ्याची सोय

पौष लागला आणि रानातली ज्वारी हुरड्याला आली, की आमच्या घरात सगळे शाली शोधू लागतात आणि मी अंगणात खुर्ची टाकून उगीचच प्रसन्न बसून राहतो. थंडी मलाही वाजते. गुडघे असे आखडतात की सकाळी उठताना खाटेशी चार शब्द बोलावे लागतात. पण कुणाच्या तरी रानात आगटी पेटते, कोवळी कणसं भाजल्याचा वास गल्लीपर्यंत येतो आणि माझ्या छातीवरून काहीतरी उतरतं. लोक पौषाला नावं ठेवतात. या महिन्यात लग्न ठरवत नाहीत, नवी वस्तू घेत नाहीत. मला विचाराल तर वर्षभरात इतका दिलासा देणारा महिना दुसरा नाही.

यंदा त्या वासात पेट्रोलचा वास मिसळला. शेजारचे मास्तर सुधारक आहेत. त्यांनी भर पौषात नवी मोटारसायकल घेतली आणि बायकोला मागे बसवून बीडला जाऊन आले. आल्यावर गल्लीला गाडीचे गुण ऐकवणं सुरू झालं: पळते किती, पेट्रोल पिते किती, चढाला दम कसा लागत नाही. मास्तरीणबाई पायरीवर बसल्या होत्या, एक हात कमरेवर ठेवून. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कशी वाटली गाडी?"

"एकदम आरामशीर!" मास्तर म्हणाले.

वहिनी माझ्याकडे पाहून नुसत्या हसल्या. मागे बसणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि विचारलंच तर उत्तर पुढचा देतो. मला हसण्याचा काही अधिकार नव्हता. एके काळी मीही असाच पुढे बसणारा होतो.

निजामी अंमलातली गोष्ट. मी गेवराईला ढोरांचा डॉक्टर होतो. सरकारी कागदात 'सलोत्री' आणि गावकऱ्यांच्या तोंडी नुसता 'डाक्टर'. तालुकाभर हिंडायचं, बैलांचे खूर बघायचे, अडलेल्या म्हशी सोडवायच्या, साथ आली की सुया टोचायच्या. आधी घोडं होतं. मग औरंगाबादच्या छावणीतला एक गोरा साहेब बदलून जाताना आपली मोटारसायकल विकून गेला, ती फिरत फिरत माझ्याकडे आली. तिला सगळे फटफटी म्हणायचे, पण वागवायचे मात्र घोड्यासारखं. "आज फटफटी कुठं बांधली, डाक्टर?" असं विचारायचे. चकलांब्याचा पाटील तर तिच्या टाकीवर थाप मारल्याशिवाय मला रामराम घालत नसे. पुढच्या खोगिराला, म्हणजे माझ्या बुडाखाली, चांगल्या जाड स्प्रिंगा होत्या. मागे होती ती लोखंडी पट्ट्यांची चौकट, सामानासाठी. तिच्यावर औषधांची पेटी बांधली की मी सुटलो. पेटीनं कधी तक्रार केली नाही, त्यामुळे ती चौकट कशी आहे हे मला दोन वर्षं ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी माझ्या बायकोला, सुभद्राला, सातवा महिना लागला होता. तिचं नाव मी तिच्या हयातीत असं मोठ्यानं कधी घेतलं नाही, लिहिताना घेतो. आमची आधीची दोन मुलं जन्मतानाच गेली होती. दोन्ही वेळा मूल पोटात आडवं आलं. आडवं आलेलं मूल वरून हात फिरवून सरळ करणारी बाई अख्ख्या तालुक्यात एकच होती: गेवराईच्या कसाबवाड्यातली हाजराखाला. आणि सुभद्राचं माहेर होतं तलवाड्याला, सहा कोसांवर. पहिल्या वेळी खालाला आणायला बैलगाडी पाठवली. सहा कोस जाणं, सहा कोस येणं. खाला पोहोचली तेव्हा सासूबाईंनी पाणी तापवायचं थांबवलं होतं. दुसऱ्या वेळी गाडी वेळेवर निघाली, पण खालाच्या कमरेला गाडीचे धक्के सोसेनात. पूर्वी कधीतरी उलटलेल्या गाडीखाली सापडून तिचा खुबा जायबंदी झाला होता. दर थोड्या वेळानं ती खाली उतरायची आणि लंगडत गाडीमागून चालायची. त्याही वेळी उशीर झाला.

मी म्हणालो होतो, या खेपेला गेवराईतच राहा. सुभद्रा म्हणाली, "मला आई पाहिजे." सासूबाईंची नजर गेलेली होती. स्वतःच्या घरात त्या भिंती चाचपत सगळं काम करायच्या, परक्या घरात मात्र त्यांना पाऊल टाकता येत नसे. खालानं तलवाड्याला महिनाभर जाऊन राहावं, तर गेवराईत तिच्या भरवशावर आणखी चार बायका होत्या. मग उरली फटफटी. कळा सुरू झाल्या की तलवाड्याहून सासऱ्यांच्या घोडीवर माणूस येईल आणि मी खालाला मागे बसवून तासाभरात पोहोचवीन, असा माझा बेत. मला तो फार पक्का वाटत होता.

रंगीत तालीम म्हणून मार्गशीर्षात एकदा खालाला सुभद्राला दाखवायला नेलं. चौकटीवर घोंगडी चौघडी करून घातली. गल्लीतले लोक दाराशी आले. कुणीतरी म्हणालं, या वयात म्हातारी परपुरुषामागं बसून निघाली. खाला डावीकडे पाय सोडून आडवी बसली आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "अर्ध्या गेवराईला या हातांनी बाहेर वढलंय. मला कोण काय म्हणंल बे?" लोक मागे सरले. त्यातले निम्मे खरोखरच तिच्या हातचे होते.

सकाळची वेळ होती. हरभऱ्यावर आंबट दवाची आंब होती, बांधावर करडईची पिवळी फुलं आली होती, माचाणांवरून गोफणी फिरत होत्या. मी अगदी खुशीत होतो. तलवाड्याच्या वेशीत गाडी थांबवून मोठ्या ऐटीत विचारलं, "कसं काय, खाला? आरामशीर?"

ती बराच वेळ उतरलीच नाही. दोन बायकांनी धरून तिला उतरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तसल्या अवस्थेतच तिनं सुभद्राला तपासलं, पोटावर हात ठेवून तिच्याशी हसून बोलली, आणि मग बाहेर येऊन मला म्हणाली, "बेटा, पोरीला मी येईन. तुझ्या या लोखंडावर न्हाई येणार. मी इथपोतर आले आन् माझे हात थरथर करायलेत, बघ. असल्या हातांनी मी पोर फिरवू का? तू पोहोचवशील मला, पण माझं काय पोहोचंल?"

परत ती बैलगाडीतून गेली, वाटेत एक मुक्काम करून. मी रिकाम्या चौकटीकडे बघत उभा राहिलो. तिच्यावरून हात फिरवला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पट्ट्यांच्या कडा धारदार होत्या. वेळेवर पोहोचणं आणि धडपणे पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला जनावरांच्या बाबतीत कळत होतं. दमलेला बैल मी कधी औताला जुंपू देत नसे. माणसाच्या बाबतीत ते डोक्यात शिरायला एका म्हातारीचे हात थरथरावे लागले.

महिना होता हातात. आधी पिंजाऱ्याकडून सावरीच्या कापसाची जाड गिरदी करून घेतली. तिच्यावर औषधाची पेटी ठेवून शेजारच्या सिरसमार्ग गावापर्यंत जाऊन आलो तर पेटी तिरकी होऊन लोंबत होती. मऊ वस्तू खड्ड्यात बसणाऱ्याला धरत नाही, ढकलून देते. मग मी गेलो उस्मानचाचांकडे. गेवराईच्या बाजारात खोगिरं शिवणारा त्यांच्यासारखा हात नव्हता. फटफटी दुकानासमोर उभी केली आणि म्हणालो, "चाचा, हिच्या मागच्या चौकटीला खोगीर पाहिजे. असं करा की खड्ड्याचा त्रास अजिबात होता कामा नये."

चाचांनी फटफटीभोवती दोन चकरा मारल्या. चौकट वितीनं मोजली. "होऊन जाईल, डाक्टरसाब," ते म्हणाले. "आठ रोज लागतील."

आठ दिवसांनी गेलो तर खोगीर बघून मन भरलं. टाके असे की मुंगी शिरू नये. पितळी बकलं, चार पट्टे, कडेला लाल दोऱ्याची नक्षी. चौकटीवर चढवलं, आवळलं, आणि मी हौसेनं त्यावर बसलो. ते दगडासारखं होतं. वरून कडक कातडं, त्याखाली लाकडी फळी. मी चाचांना म्हणालो, "अहो, मऊ कुठंय यात?"

"हाय की," चाचा म्हणाले. त्यांनी पट्टे सोडले आणि खोगीर उलटं केलं. खालच्या बाजूला चार बोटं जाड मेंढीची लोकर, वर दाबलेल्या लोकरीचा नरम नमदा, हात बुडेल इतकं मऊ. ती सगळी मऊ बाजू त्यांनी लोखंडाकडे केली होती.

"चाचा, हे उलटं झालं!"

"उलटं कावून?" चाचा खरंच चकित झाले. "तुमीच तर सांगितलतं. तीन सालामागं याच दुकानात येऊन तुमी मला लई बोललते. कुलकर्ण्याच्या घोडीची पाठ सोलली व्हती तवा. मऊ बाजू हमेशा जनावराच्या पाठीला, म्हणालते. बसणारा बोलून दाखवतो, जनावर बोलत न्हाई, म्हणालते. तवापासून एक खोगीर मी चुकीचं शिवलं न्हाई."

शब्दन् शब्द माझा होता. तालुकाभर प्रत्येक खोगीरवाल्याला मी हेच बजावत हिंडलो होतो आणि ते पाळणारा एकमेव प्रामाणिक कारागीर माझ्यापुढे बसला होता. त्यानं फटफटीच्या लोखंडाची पाठ सोलू नये म्हणून जीव तोडून मेहनत केली होती. मी हसायला लागलो. चाचा आधी रागावले, मग त्यांनी लोकरीवरून हात फिरवला, चौकटीवर टकटक करून बघितलं, आणि तेही इतके हसले की समोरचा केळीवाला दुकान सोडून बघायला आला. त्या महिनाभरात मी हसलो तो एवढाच. रात्री मात्र उताणा पडून दिवस मोजत होतो, कारण खोगीर पुन्हा उसवायचं म्हणजे आणखी आठवडा जाणार होता.

आता वाटतं, ती चूक झाली नसती तर आम्ही मऊ बाजू वर करून खूश झालो असतो आणि फसलो असतो. उसवलेलं खोगीर घेऊन चाचा आणि मी खालाच्या अंगणात गेलो. म्हटलं, हिलाच विचारू. लाजिरवाणी गोष्ट ही की तोपर्यंत आम्हा दोघांपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. खाला लसूण सोलत होती. तिनं लोकर दाबून बघितली आणि बाजूला सारली.

"मऊ किती बी कर," ती म्हणाली. "मला धरायला काय हाय? पाय कुठं टेकू? बेटा, बाई अडली म्हणजे मी तिला गादी देते का? आढ्याला दोर बांधते, तो तिच्या हातात देते. पायाखाली दोन विटा देते. पाठीमागं एक दांडगी बाई बसवते, टेकायला. हाताला दोर, पायाला वीट, पाठीला माणूस. येवढं असलं की बाई डोंगर उचलती."

चाचांनी कानावरची पेन्सिल काढली. हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं, माझ्या आधी. खाला आडवी बसत असे म्हणून डाव्या बाजूला कडुनिंबाच्या फळीची पायपट्टी आली, दोन लोखंडी पट्ट्यांवर टांगलेली. उजव्या कडेला, तिच्या पाठीशी, वेताचा बुटका टेका आला, खोगिराच्या कातड्यानं मढवलेला. मोडक्या टांग्याच्या कमानीची दोन लवचीक पोलादी पानं लोहारानं चौकटीखाली बसवली. माझ्या खोगिराच्या स्प्रिंगेला लगामाचं कातडं बांधून त्याचा वळसा खालाच्या हातात दिला. लोकरही राहिली, पण बोटभर, आणि अर्थातच वरच्या बाजूला.

सगळं बसवून फटफटी पुन्हा खालाकडे नेली, तेव्हा अंगणातच ती चढून बसली. पाय टेकवले, टेका तपासला, वळसा मुठीत धरून ओढून बघितला. मी तिचा चेहरा बघत होतो. परीक्षेचा निकाल लागताना मुलं बघतात तसा. ती म्हणाली, "अजून एक हाय."

"काय?"

"तू पुढं बसतोस. तुला खड्डा दिसतो. तू आपलं बूड उचलून घेतोस. मला तुझी पाठ दिसती, बाकी काय बी दिसत न्हाई. खड्डा येऊन गेल्यावर मला कळतं." तिनं वळसा सोडला. "कळ येणार हे आधी ठाऊक असलं की बाई सोसती. मी तिला सांगत राहते, आता येईल, आता थांबंल. न सांगता आली की तिचा धीर सुटतो. तू मला खड्डा आधी सांग."

फटफटीच्या आवाजात ओरडून काही ऐकू गेलं नसतं. म्हणून ठरलं की खड्डा दिसला की मी डावं कोपर वर करायचं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेवराईच्या बाहेर तीन चकरा मारल्या. माझ्या सवयीत ते बसेना. दोनदा विसरलो, दोन्ही वेळा पाठीत गुद्दा बसला. साठीतल्या बाईचा गुद्दा इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. पण तिसऱ्या चकरेत गंमत झाली. मागे बसलेल्या माणसासाठी रस्ता बघायचा म्हटल्यावर मला रस्ता वेगळाच दिसू लागला. ज्या चाकोऱ्या दोन वर्षं मी उडवत गेलो होतो, त्या आता लांबूनच दिसायच्या आणि आपोआप गाडी हळू व्हायची. एवढी वर्षं त्या वाटेनं जाऊन मी ती वाट बघितली नव्हती, हे कबूल करायला हवं.

ती बैठक पुढे बारा वर्षं टिकली. तिच्यावर शाळा तपासणारे साहेब बसले, पाय मोडलेली शेळी मांडीवर घेऊन तिची मालकीण बसली, आणि खाला तर इतक्या वेळा बसली की तालुक्यात अडलेल्या बाईसाठी निरोप यायचा तो माझ्याच दारात. माझ्या वरिष्ठांनी एकदा मला लेखी विचारलं, सलोत्र्याच्या दौऱ्यावर बाळंतिणी कशा येतात? मी खरं उत्तर लिहिलं आणि पुन्हा काही विचारणा झाली नाही.

पण मी सांगतोय ती पहिली खेप. पौषातली सकाळ, दहाचा सुमार. सासऱ्यांची घोडी घामानं न्हाऊन दवाखान्यासमोर उभी राहिली. तिच्यावरचा सालगडी खाली उतरण्याआधीच म्हणाला, "डाक्टर, पहाटंपासून सुरू हाय. गावची सुईण म्हणती, आडवं हाय."

खाला भाकरी थापत होती. तिनं परातीतलं पीठ तसंच टाकलं, हात धुतले, ओढणी कमरेला बांधली. "चल," एवढंच म्हणाली. मी फटफटी काढली. सगळ्या रानांत हुरड्याचे धूर निघत होते. माझं डावं कोपर वर-खाली होत होतं आणि माझं सगळं लक्ष त्या कोपरात होतं, हे किती बरं झालं, नाहीतर मी दुसराच विचार करत बसलो असतो. तलवाड्याच्या अलीकडच्या ओढ्याशी खालाला उतरवायला मी गाडी थांबवू लागलो, तर मागून खांद्यावर थाप आली: जाऊ दे. आम्ही ओढ्यातून गेलो. सासऱ्यांच्या वाड्यासमोर गाडी थांबली तेव्हा खाला स्वतःहून उतरली. उतरून तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते स्थिर होते.

मग दार लागलं. आत सुभद्रा, तिचं डोकं मांडीवर घेतलेल्या आंधळ्या सासूबाई आणि खाला. बाहेर ओसरीवर मी. शेकडो वासरं मी या दोन हातांनी बाहेर काढली आहेत. त्या दिवशी मला साधा टाकीचा कॉक बंद करायचं सुचलं नाही, पेट्रोल ठिबकत होतं. आधीच्या दोन्ही खेपांना मला सगळं होऊन गेल्यावर कळलं होतं. कुणीतरी बाहेर यायचं, मान खाली घालायचं. या वेळी खाला आतून बोलत राहिली. सुभद्राशी बोलता बोलता मध्येच आवाज चढवून माझ्याशीही बोलायची. "डाक्टर, फिरवायला घेतलंय. ही आता लई वरडंल, भिऊ नको." सुभद्रा ओरडली. मी खांब धरला. "सरळ झालं, डाक्टर. आता येळ लागंल." वेळ लागला. सावली ओसरीच्या कडेवरून खाली सरकली. मग तिचा आवाज दाराच्या अगदी जवळ आला.

"ऐक, बेटा. पोर लई येळ अडकलंतं. निळं येईल. लगीच रडणार न्हाई. मी तोंड साफ करीन, पाठ चोळीन. तू तिथं बसून सावकाश शंभरपोतर मोज. शंभर व्हईपोतर भ्यायचं न्हाई. त्याच्यानंतर भ्यायचं तर भी."

पुढची कळ, सुभद्राचा आवाज आणि मग एकदम काहीच नाही. दोन वेळा ऐकलेली ती शांतता मला ओळखीची होती. मी मोजायला लागलो. वीस. तीस. चाळिसाला सासूबाईंचा कुजबुजता आवाज आला, "खाला?" पन्नासाला माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून मी मोठ्यानं मोजू लागलो. भ्यायला अजून अवकाश होता. त्रेसष्ट म्हणालो आणि आतून एक बारीक, चिरका, चांगलाच रागावलेला आवाज आला. चौसष्ट म्हणालो की नाही ते आठवत नाही.

दार किलकिलं झालं. खालाचे हात कोपरापर्यंत ओले होते, कपाळावर घाम होता. "पोरगी हाय," ती म्हणाली. "आई बी ठीक हाय, पाणी मागती."

मी नुसता उभा राहिलो.

"असा कावून उभा?" तिनं अंगणात नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "इथं कुणी न्हाई. मी घटकाभर कुणाला बाहेर सोडत न्हाई. रडून घे, बेटा. मागच्या दोघांचं बी."

आणि तिनं दार पुन्हा लावून घेतलं.